वेदाचं लग्न कुणी लावलं?

कोल्हापूर, ९ मे १९७६

तीर्थरूप त्र्यंबकदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी पाचवी मंगळ-कादंबरी काल संपवली. छपाई सुबक आहे. बाकी लाज वाटावी असं पुष्कळ आहे. पहिल्या चार भागांत वेदा एकटीनं यानाची इंजिनं उघडायची, कप्तानाला झापायची. या भागात तू तिचं शेतकी अधिकाऱ्याशी लग्न लावलंस, आणि मंगळाजवळ यान बंद पडलं तरी बाई पोहे परततेय! कळंब्याहून दूध घालणाऱ्या बयाबाईंना मी प्रत्येक भाग सांगते. त्या चरवी खाली ठेवून म्हणाल्या, की इंजान बंद पडलंय आन् ही पोहं करत बसलीया व्हय, तुमचा भाऊ बिघडला की वो! मला हे मान्य आहे. खुलासा पाठव. तब्येतीला जप.

तुझी, तूर्त रागावलेली,
पद्मजा

पुणे, १७ मे १९७६

चि. सौ. पद्मजास,
अ. उ. आ.

बयाबाईंना नमस्कार सांग. खुलासा असा, की वेदा म्हणजे तूच. बाराव्या वर्षी अप्पांचा रेडिओ उघडून परत लावणारी. लग्नासाठी तू एम.एस्सी. एक वर्ष उरलेलं असताना सोडलंस, तेव्हा तुला कुणी अडवलं नाही. मीही नाही, मी मांडव सजवत होतो. गेली तीन वर्षं तुझ्या पत्रांत लोणच्यांखेरीज काही नसतं. वेदानं पुढं काय करावं, मला सुचेना. दिसलं ते लिहिलं. राग असला तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा शरमिंदा
दादा

कोल्हापूर, २५ जुलै १९७६

तीर्थरूप दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आठ दिवस धुमसले. भांडी फार आपटली. मग विद्यापीठात जाऊन राहिलेल्या वर्षाचा अर्ज भरला. सासूबाईंनी विचारलं, की आता भाकरी काय मंगळावरनं येणार व्हय? यांनी पेपराआडून सांगितलं, की मी थापतो. पहिली भाकरी कागल तालुक्याच्या नकाशासारखी झाली. सासूबाई हसत सुटल्या, आणि विषय मिटला.

वेदाचं काय करायचं ते तुझं तू बघ; माझ्यासाठी थांबू नकोस.

वर्गातली मुलं मला प्राध्यापक समजून उभी राहतात. काल पहिलं प्रात्यक्षिक झालं. मी तार चुकीच्या टोकाला जोडली आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फ्यूजची पेटी कुठं आहे ते विचारलं. दादा, फार बरं वाटलं.

लोभ आहेच; तो असाच भांडखोर असू द्यावा.

तुझी
पद्मजा