माझ्या दहाव्याला कुणी शब्द द्यायचा नाही

लिहून ठेवणार दगडाबाई धोंडीराम चवरे, वय सत्तरीच्या पुढं, धंदा पूर्वी शेंगाचटणी कुटून विकणे, हल्ली नात सांभाळणे, राहणार जुळे सोलापूर. कारणे हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहिते. माझ्यावर कुणाचा दाब नाही. या घरात दाब असलाच तर तो माझा आहे. यापूर्वी असला कागद केलेला नाही. डॉक्टर म्हणतो हृदय दमलंय, म्हणून घाई. जीव थाऱ्यावर नाही, पण डोकं थाऱ्यावर आहे, आणि वकिलाला तेवढंच लागतं. शाळा तिसरीपर्यंत झाली, अक्षर वाकडं आहे, वाचणाऱ्यानं मान वाकडी करावी. वकिलाचा नमुना समोर ठेवलाय. त्यात माझ्या कामाचं फार नाही.

कलम १. माझे मालक धोंडीराम गेल्यावर हा फ्लॅट मी चटणी विकून घेतला, तेव्हा ती माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तो मी नात संस्कृती हिला देते. ती सज्ञान होईपर्यंत तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा युवराज, यानं तिच्यासोबत राहावं. विकू नये, गहाण टाकू नये. त्याला राग येईल. येऊ दे. पोरीमुळं डोक्यावर छप्पर आहे हे रोज ध्यानात राहील. हॉलमध्ये सोफा आणायचं त्याच्या लई मनात आहे. आणायचा नाही. फरशी मोकळी पाहिजे. का, ते पुढं येतंय.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून आधी भार्गवी बाईंची फी जावी. या बाई लहान पोरांना आणि त्यांच्या आईबापांना खेळायला बसवून बरं करतात. प्ले थेरपी म्हणतात त्याला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच म्हणाले, खेळायचे पैसे? आमची पोरं उकिरड्यावर फुकट खेळली की. आता म्हणते, द्या. बाई 'बास' म्हणेपर्यंत युवराजनं दर गुरुवारी पोरीला घेऊन स्वतः जायचं. रिक्षात घालून पाठवायची नाही. मागचा गुरुवार त्यानं बुडवलाच. म्हणतो, "आता बोलती की ती, आई." बोलती, पण अजून माझ्या तोंडाकडं बघून बोलती. उरलेली ठेव माझी मुलगी प्रभा, राहणार सांगोला, हिची. आणि या कागदाप्रमाणं सगळं होतंय का ते बघायचं कामही तिचंच. भावाची भीड धरू नये. बोरमाळ संस्कृतीला. प्रभानं तोंड फुगवू नये, तिला लग्नात वेगळी दिली होती.

मध्येच उठून गॅस बघून आले. बंद होता. मघाशीही बंदच होता.

कलम ३. माझा दीर सयाजी याला मी काही देत नाही. कारण लिहिते, म्हणजे मागनं बोलायला जागा नको.

माझी सून पिंकी डेंगीनं गेली. दहावा गावाकडं, सीना नदीच्या काठाला केला. पिंड ठेवला, कावळे झाडावर, एक खाली येईना. ऊन चढलं. मग आपल्यात करतात तसं, गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून एकेक जण शब्द द्यायला लागला. तुझ्या आईला बघू. तुझे डागदागिने पोरीला ठेवू. कावळा हलेना. सयाजीला जेवायची घाई. त्यानं युवराजला ढोसलं, "म्हण की, पोरीला कदी रडू देणार न्हाय." युवराज हात जोडून तसं म्हणाला, आणि कावळा शिवला. सगळे सुटले आणि पंगतीला बसले.

बापाचं बोट धरून संस्कृती तिथंच उभी होती. चार वर्षांची. त्या दिवसापासून ती रडली नाही. पुढं पुढं बोलायचीही थांबली. पडली, गुडघा फुटला, तरी ओठ मिटून बसायची. आल्यागेल्यानं कौतुक केलं, काय गुणाची पोर. सयाजी म्हणाला, समज आली. चार वर्षांच्या पोरीला समज आली, आणि याला सत्तरीत येईना.

कलम ४. माझं दगडी उखळ भार्गवी बाईंच्या खेळाच्या खोलीला द्यावं. मुसळ देऊ नये, पोरांच्या पायावर पडेल.

त्या खोलीत वाळू आहे, भांडीकुंडी आहेत, बाहुल्या आहेत. तिथला कायदा असा की मोठ्यांनी खाली बसायचं, खेळ पोरानं ठरवायचा. आपण शिकवायचं नाही, विचारायचं नाही. युवराज फायनान्स कंपनीत वसुलीला, त्याला विचारल्याशिवाय चैन पडत नाही. हा रंग कुठला, ही भांडी किती. बाई म्हणायच्या, "बाबा, प्रश्न नकोत. ती काय करते तेवढं बघा." त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं. मी गुडघ्यामुळं कोपऱ्यात खुर्चीवर.

पोर दर वेळी एकच खेळ मांडायची. ओल्या वाळूचा गोळा करायची, कागदावर ठेवायची, आणि बापाला खांद्याला धरून लांब नेऊन बसवायची. मला आधी कळलं, त्याला नंतर. त्याला कावळा केला होता. तो येऊन गोळ्याला शिवला की पोर गोळा मोडायची आणि नवा वळायची. त्याला वाटायचं आपल्याला उशीर होतोय, म्हणून तो अजून लवकर शिवायचा. पोर अजून जोरात मोडायची. शेवटी बाई म्हणाल्या, या वेळी कावळ्याला बसूनच राहू दे. तो बसला. खिशात फोन कोकलत होता, तरी हलला नाही. पोर वाट बघत राहिली. मग त्याच्याजवळ गेली आणि कितीतरी महिन्यांनी बोलली.

"कावळ्या, शिवू नको. मला रडायचंय."

युवराज म्हणाला, "बरं. नाही शिवत."

मग ती रडली. मी उगी उगी म्हणत उठणार तोच बाईंनी नुसता हात वर करून मला खाली बसवलं. मला असं बसवणारं माणूस अजून जन्मायचं होतं असं मी समजत होते. म्हणून उखळ बाईंना.

पुढं हळूहळू तिनं बाहुलीला सांगितलं, आम्हाला नाही. आपण रडलो तर पप्पांचा शब्द मोडतो, शब्द मोडला की कावळा परत येत नाही आणि आई उपाशी राहते. एवढं ओझं त्या जिवानं वर्षभर वाहिलं, आणि आम्ही गुणाची गुणाची करत होतो.

कलम ५. हे मुख्य कलम. वरची सगळी याच्यासाठी. भाकरी थापताना, पाणी भरताना एकच घोर लागलाय, मी मेले की पोर परत ओठ मिटेल. म्हणून आज्ञा लिहिते.

माझ्या दहाव्याला कुणी कसलाही शब्द द्यायचा नाही. पोरीच्या नावानं तर मुळीच नाही. सयाजीनं पिंडाजवळ उभं राहायचं नाही, लांब मंडपात बसावं, पहिल्या पंगतीला जेवावं. संस्कृतीला तिथं न्यावं, लपवू नये. युवराजनं तिच्याजवळ खाली मातीत बसावं, धोतर मळलं तरी. फोन घरी. ती रडली तर 'रडू नको' म्हणायचं नाही, हसली तर 'हसू नको' म्हणायचं नाही. कावळा शिवला तर शिवला. नाही शिवला तर दर्भाचाही करायचा नाही. भात तिथंच ठेवून घरी जावं. माझं मन कशातही अडकलेलं नसेल. अडकलं होतं ते सगळं वर लिहिलंय.

हे कलम मी संस्कृतीला मघाशी वाचून दाखवलं. फरशीवर बसून तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आजी, मग तुला भूक लागंल की."

मी म्हटलं, "मी जेवून जाणाराय. तू पाहिजे तेवढं रड."

तिनं थोडा विचार केला आणि आत्ताच थोडं रडून घेतलं. युवराज दारात उभा होता. तो बूट काढून खाली बसला.

स्थळ: जुळे सोलापूर. तारीख: १८ नोव्हेंबर २०२५.

सही: दगडाबाई धोंडीराम चवरे (स्वतःच्या हातची, अंगठा नाही)

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळत नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. काशम्मा, शेजारीण
२. गुरुसिद्धप्पा, तिचा नवरा. चष्मा विसरला होता, आणून मग सही केली