नव्याण्णवच्या खाली

मंगळवार, ४ तारीख
सगळ्यांच्या आधी टपकल्या त्या विहीणबाई! मागोमाग त्यांची बहीण – मी तिला पंखा म्हणते, बोलताना हात तसेच फिरतात. बाळाचं नाक कुणाचं यावर तासभर चर्चा. नाक माझंच आहे, पण मी चहा टाकायला उठले. दहा दिवसांची नात, मांडीवरून उतरवावीशीच वाटत नाही.

वारेचं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. बाळ झालं पण वार पडलीच नाही, गर्भपिशवीत रुतून बसलीय. ओढली तर रक्त थांबायचं नाही, पिशवीच काढावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. लेक म्हणाली, मला अजून एक हवंय. म्हणून आतच ठेवलीय, हळूहळू जिरेल म्हणे. आपण सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, नव्याण्णवच्या वर गेला की तडक दवाखाना.

आज ९८.४. कागदावर मीच मांडते – चौथी शिकलेली का असेना!

गुरुवार, ६
९८.६. लेकीचं अंग फार ठणकतं. सातला दुधाबरोबर अंगदुखीची गोळी देते, आठला ताप बघते. संध्याकाळीही तसंच. जावई म्हणाले, तुम्ही नर्सच व्हायला हवं होतं. दिवसभर पुरलं मला तेवढं.

शनिवार, ८
९८.८. जेवली नाही. बाळालाही जवळ नको म्हणाली.

रविवार, ९
पहाटे थंडी भरली, दातावर दात. गोळी द्यायलाही वेळ नव्हता, तसंच नेलं. नर्सला माझा कागद ऐटीत दिला. एकही आकडा नव्याण्णवच्या वर नाही! तिने गोळ्या मागितल्या. पाकीट बघून हळूच म्हणाली, "आजी, ही तापाचीही गोळी आहे. तुम्ही रोज ताप उतरवून मग मोजत होता."

मी बाकावर बसले.

सोमवार, १०
पिशवी काढली. रक्ताच्या सहा बाटल्या. बाळ वरच्या दुधावर. मला बघून हसतं, मेलं.

मंगळवार, ११
विहीणबाई आल्या. जावयांनी त्यांना सगळं सांगितलं. गोळीचंही. त्यांनी बाळाला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवार, १२
लेक शुद्धीवर आली. पहिलं विचारलं, "आई, पिशवी राहिली ना?"

मी हो म्हटलं. बरं वाटलं तिला, झोपली.

विहीणबाई रविवारी परत येणार आहेत.