पावणेआठचं टाइमटेबल

रविवार, ७ तारीख. संध्याकाळ.
ताई नर्स आहे. उद्यापासून आठवडाभर तिची मॉर्निंग शिफ्ट, म्हणजे सहाला घराबाहेर. भावोजी कामासाठी पंधरा दिवस बाहेरगावी. मुलांना शाळेत कोण पाठवणार, असं ती शेजारच्या काकूंना फोनवर विचारत होती. मी समोरच बसलो होतो. म्हटलं, मी आहे ना. ताई म्हणाली, तेच तर टेन्शन आहे. जोक असावा.

या घरातली सकाळ म्हणजे नुसता गोंधळ. आरडाओरडा, एक मोजा गायब, कोणीतरी रडतंय. प्रॉब्लेम एकच आहे, प्लॅनिंग नाही. मी गेल्या महिन्यातच टाइम मॅनेजमेंटचा ऑनलाइन कोर्स केलाय. (शेवटचे चार व्हिडिओ राहिलेत. टाइम मिळाला नाही.)

ताईने दिलेली माहिती: डबे फ्रीजमध्ये. बस पावणेआठला गेटवर. शाळेची घंटा साडेआठला.
माझी नोंद: पावणेआठ = ८.१५. मराठी थोडं कच्चं आहे माझं, पण लॉजिक पक्कं. पाव म्हणजे क्वार्टर. आठ आणि वर पाव.

भाची भिंगरी, वय आठ. शाळेची ही घंटा वाजवायचं काम या आठवड्यात तिच्याकडे आहे. वर्गात प्रत्येकाला वर्षातून एकच आठवडा मिळतो. पितळेची खरी घंटा, लाकडी हातोडा. महिनाभर ती कढईवर चमचा मारून प्रॅक्टिस करतेय. उशीर झाला तर त्या दिवशी पुढचा रोल नंबर वाजवणार. हे तिने मला तीनदा सांगितलं. मी म्हटलं, मामा आहे ना. ती कढई घेऊन आत गेली. इम्प्रेस झाली असणार.

भाचा बटण, वय पाच. शर्टाची बटणं कायम एक घर खाली. त्याला कसलंच टेन्शन नाही.

सोमवार, ८. सकाळी १०.३०.
सुरुवात जबरदस्त. चार रंगांत चार्ट. ६.४५ उठणे, ७.०० अंघोळ, ७.२० ब्रेड-जॅम, ७.४० मेडिटेशन. हो, मेडिटेशन. इतका वेळ उरला.
ऐन ध्यानात खाली कोणीतरी हॉर्न मारत सुटलं होतं. भिंगरीने एक डोळा उघडून सांगितलं, आपली बस वाटतेय. तिला समजावलं, मन असंच भरकटतं, श्वासाकडे बघ. हॉर्न थांबला. शांतता.
८.०५ ला गेटवर. दहा मिनिटं आधी.
८.४५ पर्यंत बस नाही. चालत नेलं. पोचलो ९.२०. घंटा पुढच्या रोल नंबरने वाजवली, ज्याचे पुढचे दोन दात पडलेत. भिंगरी रस्ताभर दहा पावलं पुढे चालली. बटण खूप बोलला.

मंगळवार, ९. सकाळी १०.३०.
परत तेच, परत पायपीट. वॉचमनकाकांना विचारलं. म्हणाले, बस आली की पावणेआठला, गेली पण. मी घड्याळ दाखवलं. म्हटलं, काका, आत्ता कुठे आठ वाजून दहा झालेत, पावणेआठ व्हायचेत अजून. ते पाइप घेऊन झाडांना पाणी घालायला गेले. झाडं ओलीच होती.

त्याच दिवशी, रात्री.
ताई चिडली. पावणेआठच्या ठोक्याला गेटवर उभं राहायचं, एवढं साधं काम जमत नाही का, वगैरे. मी शांतपणे सांगितलं की पावणेआठच्या आधी दहा मिनिटं उभा होतो, दोन्ही दिवस. आईशप्पथ. तिला पटलं. आता ती बसवाल्यावर चिडली आहे. टीमवर्क.

बुधवार, १०.
मुलांना युनिफॉर्म घालूनच झोपवलं होतं. बारा मिनिटं वाचली. (इस्त्री गेली. बटणच्या खिशात केळं होतं, तेही गेलं.)
बस परत आधीच गेली. भिंगरी म्हणाली, मामा, उद्या आपण लवकर जाऊ या ना खाली. म्हटलं, ड्रायव्हरला शिस्त नाही म्हणून आपण आपलं टाइमटेबल बिघडवायचं का? ती म्हणाली, हो.
लहान आहे.
ताईने दुपारी शाळेत फोन करून बसच्या इनचार्जला झाप झाप झापलं. तो म्हणे शपथेवर सांगतो, बस रोज पावणेआठला येते. खोटारडा. ताईने मला सांगितलं, उद्या पुरावाच आण.

गुरुवार, ११. सकाळी ७.५५.
पकडला! मुलांना वर ब्रश करत ठेवून मी ७.३० पासून गेटवर. बस ७.४५ ला आली. टाइमसकट फोटो काढला. ड्रायव्हरने विचारलं, मुलं कुठायत. मी म्हटलं, वर आहेत, त्यांची वेळ झालेली नाही. तो दोन मिनिटं थांबला, मग निघून गेला.
फोटो ताईला पाठवला. खाली लिहिलं, बघ, पावणेआठच्या पूर्ण अर्धा तास आधी.

त्याच दिवशी, ११.००.
ताईचा फोन. आवाज एकदम हळू, पेशंटशी बोलते तसा.
"पावणेआठ म्हणजे किती रे?"
"एट फिफ्टीन."
तिने परत एकदा विचारलं. मी परत तेच सांगितलं.
"संध्याकाळी भिंगरी आली की तिला फोन दे. तू नाही बोलायचं."

त्याच दिवशी, संध्याकाळ.
दिला फोन. भिंगरी नुसती हो, हो म्हणत होती. मधेच माझ्याकडे बघून परत हो.
पावणे म्हणजे पाव कमी, असं कळलं. माझ्या मते चूक भाषेची आहे. आठ अजून वाजलेलेच नाहीत, तर त्यातून पाव काढणार कुठून? पण असो. उद्या घंटेचा शेवटचा दिवस. उद्या चुकणार नाही. पाच अलार्म लावलेत, पहिला ५.०० चा.

शुक्रवार, १२. सकाळी ८.४०.
५.०० ला उठलो. टाइम वाचवायला पाचही अलार्म एकदमच बंद केले. डोळे उघडले ते आत्ता.
घर चिडीचूप. ताटल्या धुतलेल्या. डबे गेलेले, बूट गेलेले, बटणही गेलेला.
माझ्या चार्टवर पेन्सिलने लिहिलंय: "मामा, तुला उठवलं नाही. उशीर झाला असता."

संध्याकाळ.
बस मिळाली. ७.३५ लाच दोघं गेटवर, वॉचमनकाका सोबत. घंटा तिनेच वाजवली. इतकी वाजवली की बाईंना शेवटी हातोडा धरावा लागला. पार ग्राउंडच्या टोकापर्यंत ऐकू गेली म्हणे. बटणची बटणं आज बरोबर लागली होती.
ताईने तिला विचारलं, मग, सकाळ कशी गेली? भिंगरी म्हणाली, एकदम शांत.
स्ट्रेस-फ्री. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय.

ताईची पुढच्या आठवड्यातही मॉर्निंग शिफ्ट आहे. भिंगरीने प्रत्येकाला कामं वाटून दिली. माझं काम: आठ वाजेपर्यंत उठायचं नाही.
जबाबदारी स्वीकारली आहे.