डब्यावरचा ‘परवा’

मंगळवार, संध्याकाळ

वृद्धाश्रमाच्या फ्रिजमध्ये आज तपासणी करताना आमटीचा डबा सापडला. वरच्या चिकटपट्टीवर एकच शब्द, ‘परवा’. म्हणजे परवा केलेली, की परवापर्यंत चालणारी? स्वयंपाकाच्या सुनंदाताईंना विचारलं.

“अहो मॅडम, परवा म्हणजे परवा.” त्यांनी झाकण उघडून वास घेतला. “चांगली तर आहे.”

असेलही. पण वरच्या मजल्यावरच्या आजी नुकत्याच जुलाबातून उठल्यात. ओतून टाकली. ताई फुरंगटल्या. म्हटलं, यापुढे वार लिहा. त्यांनी लगेच उकडलेल्या बटाट्यांच्या डब्यावर ‘गुरुवार’ लिहिलं.

घरी परतताना माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षात लक्षात आलं, आज तर मंगळवार. म्हणजे ताई संपवायचा दिवस लिहितात. तो ‘परवा’ पुढचाच होता.

पण लिहिला कधी होता?