हट्टीच्या वाटेवरची मागची सायकल

सर, तुमच्या सायकलीच्या चेनकव्हरचा तो खडखडाट अजून माझ्या कानात आहे. तुम्ही वर्गात यायच्या आधी तो यायचा. पोरं गप्प व्हायची आणि मी मनातल्या मनात कविता घोकायला लागायचो, कारण पहिल्यांदा मलाच उठवणार हे ठरलेलं. मी म्हणायला लागलो की तुम्ही खिडकीकडं तोंड करून उभे राहायचात आणि शेवटच्या ओळीला येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायचात. माझा धाकटा भाऊ खालच्या वर्गात होता. त्याला चार ओळी धड पाठ होत नसत. त्याच्या वाट्याला तुमचा हात नव्हता, छडी होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं सगळं उलटं झालं.

एक्याऐंशीच्या दिवाळीत तुम्ही नुकतेच नोकरीतून मोकळे झाला होतात. आम्ही दोघं भाऊ तोवर बायकापोरांचे झालो होतो. मी जालन्यात कारकून, तो गावाकडं, कुंभार पिंपळगावच्या पलीकडं, शेतीत. तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, "जालना सोने का पालना, असं सगळे म्हणतात. पाळणा इथं हलतोय, तर बाळंतपण कुठं झालं ते बघून येऊ की!" निजामाच्या राज्यात आपल्यासोबतच असलेला रायचूरकडचा मुलूख, तिथली हट्टीची सोन्याची खाण आणि तिच्या आसपासची ओसाड पडलेली खाणगावं. सायकलीवर जायचं, उघड्यावर राहायचं. धाकट्यानं कापसाच्या गाड्यावर टाकायची ताडपत्री आणली, मी कवितांचं जुनं पाठ्यपुस्तक घेतलं. सोलापूरपर्यंत सायकली एसटीच्या टपावर गेल्या आणि पुढं पायडल.

पहिल्याच दिवशी मी मागं पडलो. एका चढावर, खाली करडईची हिरवी पट्टी बघून मला ओळी सुचल्या, मी मोठ्यानं म्हणायला लागलो आणि उतरून उभाच राहिलो. तुम्ही वळून ओरडलात, "थोरल्या, चढावर कविता म्हणायची नसते. दम पायात ठेव!" धाकटा हसला. पंक्चर झालं, त्यानं काढलं. पाणी त्यानं शोधलं. ताडपत्रीचा तंबू असा ताणून बांधला की तुम्ही त्याच्या दोऱ्या वाजवून बघितल्या आणि म्हणालात, "धाकट्या, तुझ्या हातात अक्कल आहे रे." मग तुमची न् त्याची सायकल शेजारी-शेजारी आणि माझी मागं. कृष्णेचा पूल ओलांडतानासुद्धा मला नदी दिसली नाही, तुमच्या दोघांच्या पाठी दिसल्या.

हट्टीची पाटी दिसली तेव्हा तो म्हणाला, "सर, गावाचं नावच हट्टी! ही तुमची सासुरवाडी व्हय?" तुम्ही हसून सायकलीवरून पडायच्या बेताला आलात. मला ते सुचायला हवं होतं. शब्दांचं खातं माझं होतं ना? चालू खाण आपण लांबूनच बघितली. तुम्हाला हवी होती ती इंग्रज साहेबाच्या काळात सोडून दिलेली. छप्पर नसलेले बंगले, भिंतीतून उगवलेला लिंब, खाणीच्या तोंडावर गंजलेलं भलंमोठं चाक आणि दळून टाकलेल्या दगडाचे राखाडी ढिगारे. सोनं म्हणून चकाकणारं काहीच नव्हतं. तिथल्या राखणदारानं विचारलं, "कां से आए जी?" तुम्ही म्हणालात, "जालने से." तो आपल्या सायकलींकडं बघत राहिला. "साइकिल पे? दिमाग बराबर है ना?" त्याच्या दखनीनं आपल्याला घरी असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या सकाळी मी उठलो तर तंबूत तुम्ही दोघंही नाही. बाहेर येऊन बघतो तर समोरच्या ढिगाऱ्यावर तुम्ही दोघं बसला आहात. एकाच पेल्यातून आळीपाळीनं चहा चाललाय आणि तुमचा हात त्याच्या खांद्यावर आहे. मी तिथंच, हातात दात घासायची राखुंडी घेऊन उभा. नंतर त्याला विचारलं, "काय बोलत होता रे?" तर म्हणतो, "काय न्हाई, दादा. चेनीला तेल घालायचं बोलून राह्यलो व्हतो." चेनीच्या तेलासाठी कुणी खांद्यावर हात ठेवतं का, सर?

तुम्ही गेलात त्यालाही आता वीसेक वर्षं होत आली. धाकट्याच्या पोरानं पुण्याहून त्याला गियरची, जाड टायरची सायकल आणून दिली आहे, आणि पिशवीत मावेल एवढा तंबू. तो बंद पडलेल्या कोलारच्या खाणींचं गावही हिंडून आला. फोटो दाखवतो आणि म्हणतो, "माझे सर असते तर..." माझे! आपले न्हाई. दर वर्षी मला चल म्हणतो, मी गुडघ्याचं कारण सांगतो. गुडघे ठणठणीत आहेत. यंदा तो पुन्हा हट्टीला निघालाय. परवा मला विचारायला येणार आहे. गेला महिनाभर मी नातवाची सायकल घेऊन पहाटे मोती तलावाकडं जातोय, गियर टाकायला शिकतोय. आमची ही म्हणाली, "या वयात कुणाला दाखवायचंय एवढं?" तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. मला सोनं बघायचं नाही, ते ओसाड बंगलेही नाहीत. मला एकदा, निदान कृष्णेच्या पुलापर्यंत, त्याच्या पुढं सायकल चालवायची आहे. त्यानं माझी पाठ बघत यावं. एवढंच.

मधेच दार वाजलं, उठलो. धाकटाच. सायकल नाही, स्टँडवरून पायी आलेला, उन्हानं लाल झालेला. चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "दादा, डॉक्टरनं सायकल बिलकुल बंद केली. छातीत काय तरी हाय म्हणतो. मंग म्हणलं, तू जाऊन ये. माझी सायकल घेऊन जा, तंबू बी." ही त्याला पाणी देऊन राह्यली आणि मी आत येऊन घाईघाईनं हे लिहितो आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. त्याचं बोलणं ऐकून पहिल्यांदा माझ्या मनात त्याची काळजी आली नाही, सर. आता मी कितीही पुढं गेलो तरी मागं कुणी नसणार, हेच आलं.