मुंजीच्या बापाची पाठ

शनिवार, १२ एप्रिल. दुपारी ३.
बर्फासाठी लावलेले विंटर टायर्स स्वतः काढायला घेतले. गराजवाला कशाला? दादा तिकडे ब्रॉसार्डला दर वर्षी स्वतःच काढतो आणि वर फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतो. यंदा मिसिसागाहूनही फोटो जाणार. शेवटचा टायर उचलताना कमरेच्या बाजूला 'कट्' असा आवाज झाला. बहुधा जॅकचा.

दुपारी ४.
जॅकचा नव्हता. अजून ड्राइव्हवेतच आहे, आडवा. आकाश असं निवांत बघून किती वर्षं झाली. निमिष येऊन विचारून गेला, बाबा, आर यू फिक्सिंग इट फ्रॉम अंडरनीथ? हो म्हणालो.

रविवार, १३ एप्रिल.
निमिषची मुंज १८ मेला, व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला. गुरुजी म्हणाले, अत्यंत शुभ दिवस. गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, त्यामुळे त्यांचे शुभ दिवस वीकेंडलाच येतात.
मुलाच्या बापाने पाटावर मांडी घालून दोन-अडीच तास बसायचं असतं. आज रंगीत तालीम केली. डावा पाय आला. उजव्याने असमर्थता कळवली. हरकत नाही, भरपूर वेळ आहे.
संध्याकाळी दादाचा फोन. टायरचा फोटो आला नाही म्हणून त्याला शंका. उल्काने सगळं सांगून टाकलं. बायकोला नवऱ्याची पाठ राखता येऊ नये? दादा म्हणाला, जया, झेपत नसेल तर मी बसतो पाटावर, काका बसला तरी शास्त्राला चालतं. म्हणजे शास्त्राकडे चौकशी करून झालीसुद्धा. माझ्या मुलाच्या कानात गायत्री दादा सांगणार? मला सायकल शिकवताना मध्येच हात सोडून भेळ खायला गेलेला माणूस?
मीच बसणार. कमरेतून मोडलो तरी.

मंगळवार, १५ एप्रिल.
उल्का म्हणते, प्लाझातल्या मिसेस लिआँगकडे जा. चिनी पद्धतीने अंग रगडून सांधे-कंबर मोकळी करतात, ट्वे-ना म्हणतात त्याला. हिचा गुडघा तिथेच सुटला म्हणे. मी शांतपणे, सविस्तर समजावलं. ज्या देशाने जगाला योग दिला, त्या देशाच्या माणसाने आपली पाठ घेऊन डोसेवाला आणि टॅक्सवाला यांच्यामधल्या गाळ्यात जायचं? आपल्याकडे काय नाही? उल्काने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, भाषण उभ्यानेच देणार आहेस का, बस की.
बसलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.
संकल्प: उद्यापासून पहाटे सूर्यनमस्कार.

बुधवार, १६ एप्रिल.
सूर्यनमस्कार घातला. खाली जाणं उत्तम जमलं. वर मला उल्का आणि निमिषने आणलं. सुरुवात महत्त्वाची.

रविवार, २७ एप्रिल.
ब्रॅम्प्टनहून निर्गुंडीचं तेल आणलं. आत्तापर्यंत फरक पडला आहे तो सोफ्याला.

शुक्रवार, २ मे.
मिसेस लिआँगकडे जाऊन आलो. केवळ तुलनात्मक अभ्यास म्हणून. उल्काला सांगितलं, ऑफिसात उशीर होईल, सॉफ्टवेअरचं रिलीज आहे.
बाई साठीच्या, माझ्या खांद्यापर्यंत येतील न येतील. कुठे दुखतं हे विचारलंच नाही. दाबत गेल्या, मी ओरडलो तिथे म्हणाल्या, हिअर. आधी अंगठा, मग तळहाताची कड, मग कोपर, शेवटी बहुतेक गुडघा. मी पालथा असल्याने पुरावा नाही. उंडा मळून पोळी लाटावी तशी पाठ लाटली. सगळा वेळ त्यांची नजर भिंतीवरच्या टीव्हीवर. चिनी मालिका. सासूने सुनेला बोल लावला की इकडे माझ्या माकडहाडावर जोर यायचा. सून उलटून बोलल्यावर मी चक्क दोन्ही भाषांत देवाचं नाव घेतलं.
शेवटी म्हणाल्या, यू सिट टू मच. मी म्हटलं, अठरा तारखेला आय हॅव टू सिट मोअर. तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मालिका सोडून माझ्याकडे बघितलं.
घरी आल्यावर मोजे स्वतःचे स्वतः काढले. सूर्यनमस्काराचा परिणाम थोडा उशिरा जाणवतो असं दिसतं.

शुक्रवार, ९ मे.
पुन्हा रिलीज. आता उजवा पायही मांडीत येऊ लागला. उल्काने विचारलं, तुमच्या रिलीजला बामाचा वास कसा येतो. म्हटलं, ऑफिसात नवं सॅनिटायझर आलंय. ती 'हं' म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर 'हं' म्हणजे पटलं, हे मला कळतं.

शुक्रवार, १६ मे. संध्याकाळी ६.
दादा सहकुटुंब आला. ब्रॉसार्डहून सहा तास एका दमात गाडी चालवत. उतरल्या उतरल्या ड्राइव्हवेत वाकून पायाचे अंगठे धरले आणि माझ्याकडे बघितलं. मी ताबडतोब दूध संपल्याचं जाहीर करून बाहेर पडलो.
मिसेस लिआँगना म्हटलं, स्ट्राँगेस्ट काय असेल ते द्या. त्यांनी काचेचे पेले काढले. आत ज्योत फिरवायची आणि पेला पाठीवर उपडा दाबायचा. कातडी आत ओढली जाऊन पेला चिकटून बसतो. पंगतीत द्रोण मांडावेत तसे मांडले. अगदी मोकळं वाटलं.

रात्री ८.
मांडी पूर्ण. दादासमोर दोनदा घालून दाखवली. त्याला अनिच्छेने वा म्हणावं लागलं. दूध आणायचं राहिलं.

रात्री ९.
आंघोळीला गेलो तेव्हा आरशात पाठ दिसली. दोन रांगांत जांभळे गोल. मिसेस लिआँगना फोन केला. म्हणाल्या, व्हेरी गुड कलर, टेन डेज गोइंग. असू दे. माझी पाठ बघतंय कोण?

रात्री ९.२०.
सोवळं. मुंजीच्या बापाने उघड्या अंगाने बसायचं असतं.

शनिवार, १७ मे.
योजना एक: उल्काचं डाग झाकायचं कन्सीलर. तिचा रंग आणि माझा रंग यांत मूलभूत मतभेद. शिवाय हात पाठीपर्यंत पोचत नाही. पोचत असता तर एवढं रामायण झालंच नसतं.
योजना दोन: गुरुजींना फोन करून विचारलं, अंगभर भस्म फासून बसायची काही परंपरा आहे का. गुरुजी म्हणाले, जयदीप, घरी सगळं ठीक आहे ना.
योजना तीन: उपरणं अंगभर लपेटायचं आणि सेफ्टी पिनांनी सोवळ्याला टाचायचं. ही निर्दोष आहे.

रविवार, १८ मे. संध्याकाळी.
जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो, कारण उद्या लोक भलतंच सांगतील.
बसलो. सगळा वेळ बसलो. दादा पहिल्या रांगेत सोवळं नेसूनच तयार होता. कुणी सांगितलं होतं त्याला? मग शालीखाली मी आणि निमिष. बाबा कानात जे म्हणतील तेच मोठ्याने म्हणायचं, असं गुरुजींनी त्याला बजावलेलं. व्हिडिओवाल्याने माझ्या उपरण्याला माइक लावलेला. निमिषच्या कानाशी वाकलो, पहिली ओळ स्वच्छ सांगितली, त्याने स्वच्छ म्हटली, आणि 'कट्'.
आसपास जॅक नव्हता.
मी म्हणालो, आई गं. निमिष म्हणाला, आई गं. मी म्हणालो, अरे हे नाही. निमिष म्हणाला, अरे हे नाही. मी म्हणालो, थांब. तोही म्हणाला. सगळं स्पीकरवरून. प्रभामावशी शेजारणीला म्हणाल्या की काही शाखांत गायत्री जरा मोठी असते.
मला वाकलेल्या अवस्थेतून वर येता येईना. दादा धावला. तो उचलायला गेल्याबरोबर पिना सुटल्या आणि उपरणं त्याच्या हातात आलं. सगळ्या हॉलसमोर माझे जांभळे गोल. निमिषने शालीतून डोकं काढून विचारलं, बाबा, वॉज इट अॅन ऑक्टोपस?
उल्का पाटावरून मान न वळवता म्हणाली, मिसेस लिआँग, प्लीज.
त्या तिसऱ्या रांगेत होत्या. लाल रेशमी जाकीट, हातात पेढा. उल्कानेच आमंत्रण दिलेलं. गुरुजी, मराठी मंडळाचे अध्यक्ष, केटरर, सगळे त्यांना हाय म्हणाले. यांच्याही पाठी तिथेच सुटल्यात की काय कोण जाणे. त्यांनी पेढा दादाला धरायला दिला, मला पालथं घातलं आणि होमकुंडापासून दोन हातांच्या अंतरावर पाठीला कोपर लावलं. माइक चालूच होता.
मग उठून बसलो आणि गायत्री पूर्ण सांगितली. मीच सांगितली. हे कुणी विसरू नये.
नंतर कळलं की उल्काला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आडनाव एकच, म्हणून मिसेस लिआँगनी तिला सांगितलेलं, युअर हजबंड सिंगिंग व्हेरी लाउड. दादाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, जया, या लिआँगबाईंची कुणी बहीण ब्रॉसार्डकडे असते का रे.

सोमवार, १९ मे. सकाळी ८.
डोळे भरून आले. निमिष कुणी न सांगता खिडकीसमोर बसून गायत्री म्हणत होता. उच्चार शुद्ध, स्वर शुद्ध. पहिल्या ओळीनंतर क्षणभर थांबला आणि त्याच शुद्ध स्वरात म्हणाला, आई गं. मग पुढची ओळ.
मी बापाच्या कर्तव्याने त्याच्या कानाशी वाकून चूक दुरुस्त करायला गेलो.
हे वाकूनच लिहितो आहे. उल्का फोन लावते आहे.