तरटाचं अस्वल

प्रिय बारक्या,

तुझा पत्ता तुझ्या जुन्या कारखान्यातल्या फोरमनकडून मिळवला. आधी देत नव्हता. कुणालाही सांगू नका असं तू बजावलंयस, म्हणाला. मी म्हटलं, मी 'कुणी' नाही, मी त्याची वहिनी आहे, शाळेत जाताना त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्यात. मग मुकाट्याने लिहून दिला. तू आता कुठल्याशा गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतोस, हेही त्याच्याकडूनच कळलं. हातात एवढी कला असलेला सुतार, आणि पोती उचलतोय. त्यावर आत्ता रागवत नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. अर्ध्यात फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं.

आम्ही दोघी आहोत तशा आहोत. मी पडद्यांच्या दुकानात पुन्हा पूर्ण वेळ जायला लागले. घरी बसलं की भिंती अंगावर येतात. तुझी लाडकी पुतणी चिमणी माझ्यापेक्षा उंच झालीय, आणि बोलायची कमी झालीय. खालच्या मजल्यावरचे काका अजून जिन्यात भेटले की मान खाली घालतात. बाथरूमच्या फरशीवरचे तपकिरी डाग काही केल्या निघत नाहीत. ॲसिड टाकून पाहिलं, घासून घासून हात सोलले, पण तो रंग पक्का बसलाय.

ते डाग कसले हे तुला ठाऊक नाही. खाणीमागच्या रानात सुट्टीच्या दिवशी तुम्हा दोघा भावांचा नि मित्रांचा तो लपाछपीचा खेळ चालायचा. शेजारच्या बायका मला विचारायच्या, तुमचे घोडे अजून लहानच का गं? निम्म्यांनी लपायचं, निम्म्यांनी शोधायचं, शिट्टी वाजेपर्यंत जो सापडणार नाही तो जिंकला. तुझा दादा नेहमी पहिला सापडायचा. "याचं पोट आधी दिसतं, माणूस मागून येतो," असं तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास. तो तुमच्याबरोबर हसला, पण घरी येऊन म्हणाला, या खेपेला बारक्याला रडवतो बघ. झुडपात मिसळून जाईल असा पोशाख करायचं त्याने ठरवलं, आणि त्यासाठी फुटबॉलच्या गोलाचं फाटकं जाळं तूच आणून दिलंस. ते हातात पडल्याबरोबर त्याने तुला दाराबाहेर काढलं. आता तू शत्रूच्या गोटातला, म्हणाला, पोशाख पुरा होईपर्यंत या घरात पाऊल टाकायचं नाही. म्हणून पुढचं तू काही पाहिलं नाहीस. ते तुला सांगायचं राहिलंय.

लिफ्टच्या कामावर घालायचा त्याचा जुना डगला घेतला. पाठीवर, खांद्यांवर, बाह्यांवर ते जाळं मी मशीनवर शिवून दिलं. दोन सुया मोडल्या. वाण्याकडची तरटाची रिकामी पोती आणली आणि तिघंही फरशीवर बसून त्यांचे धागे ओढत बसलो. घरभर नुसता भुगा. ताटात तरट, उशीवर तरट, चिमणीच्या वेणीत तरट. मग ते धागे रंगवायचे. चहाची पावडर उकळून एक रंग केला, गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून दुसरा, आणि हिरव्यासाठी कपड्यांच्या रंगाच्या पुड्या. बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या तरटाचा वास तर असा, की शेजारीण विचारायला आली, घरात काही मेलंय का.

दादा रंगवलेला झुपका खिशात घालून रानात जायचा, झुडपांना लावून बघायचा, परत यायचा आणि म्हणायचा, फार हिरवं झालं. झाडं एवढी हिरवी नसतात, आपल्याला उगीच वाटतात. मग पुन्हा उकळा. जाळ्याच्या एकेका भोकात एकेक झुपका गाठ मारून बांधायचा. ते काम चिमणीचं, तिची बोटं बारीक. पोटाकडच्या बाजूला झुपके नाहीत, सरपटताना अडकतात म्हणून तिथे जाड कापड. डोक्यावरची टोपी मात्र सगळी माझी. तोंडापुढे काळी मच्छरदाणी, तिच्यावर धागे विरळ सोडलेले, म्हणजे आतून दिसेल आणि बाहेरून दिसणार नाही. अशी शिलाई मी दुकानात कधी केली नाही.

एका संध्याकाळी तो सगळा अवतार चढवून बिल्डिंगमागच्या कुंपणाशी जाऊन पडला. चिमणी शोधायला गेली. तिथल्या तिथे चकरा मारत राहिली आणि शेवटी त्याच्या हातावर पाय देऊन किंचाळली. नंतर इतकी हसली की उचकी लागली. तिनेच त्याला नाव दिलं, अस्वल. बारक्या, आमचा संसार चारचौघांसारखाच होता. कामं, थकवा, अधूनमधून अबोला. पण त्या दिवसांत तुझा दादा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत यायचा आणि वर आल्यावर दाराला धरून धापा टाकत हसायचा. मी म्हणायचे, अस्वलाचं वजन जास्त झालंय.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते तू एकटाच उराशी धरून बसलायस, आणि माझ्या बाजूने ते कसं झालं हे तू कधी ऐकून घेतलं नाहीस. तुझा फोन आला तेव्हा मी कपडे घड्या घालत होते. "वहिनी, दादा घरी आला का गं?" मी म्हटलं, नाही, म्हणजे जिंकला वाटतं. तूही हसलास. शिट्टी कधीच वाजून गेली होती, तुम्ही सगळे हाका मारून दमला होतात, हरलो म्हणून कबूलही केलं होतं. निघताना त्याने बढाई मारली होती ना, कुणी अंगावर पाय देईपर्यंत उठणार नाही म्हणून. तेव्हा सगळ्यांना वाटलं, ताणतोय. खेळाच्या नियमाप्रमाणे त्याचा फोन तुझ्या गाडीत. कुणी चहाला गेलं, कुणी घरी गेलं. दुसऱ्यांदा तुझा फोन आला तेव्हा तू हसत नव्हतास.

मग पोलीस आले. बॅटऱ्या घेऊन माणसं रांगेने रान विंचरत गेली, मीही त्यांच्यात होते. आम्ही त्याच्या जवळून गेलो असणार. उजाडल्यावर फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्याचा कुत्रा एका झुडपाशी बसून राहिला, हलेचना, तेव्हा सापडला. नंतर चौकीत साहेबांनी मला फोटो दाखवला. मी नुसतीच बघत राहिले. फोटोत रान होतं. शेवटी त्यांनी पेनाचं टोक टेकवून दाखवलं, हा खांदा, हे डोकं. स्वतःच्या हाताने शिवलेली टोपी मला ओळखता आली नाही.

आणि तू त्यांना आपणहून सांगितलंस, की शोधताना त्याच झुडपाजवळच्या दगडावर बसून तू बुटातला खडा काढला होतास. हात लांब केला असता तर दादा लागला असता. ते सांगितल्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. सगळं उरकलं आणि तू निघून गेलास.

तू गेल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले होते. मला वाटत होतं ते म्हणतील, उन्हात तरटात गुदमरला, तोंडावर ते काय शिवलं होतं? ते तसं म्हणाले नाहीत. पोशाखाचा संबंध नाही, म्हणाले. त्याच्या हृदयाची भिंत जन्मापासूनच जाड होती. अशा माणसाचा ठोका एखाद्या दिवशी चुकतो आणि परत लागत नाही. लिफ्टच्या खड्ड्यात काम करताना झालं असतं, जिन्यात झालं असतं. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. त्याच क्षणी कुणी छाती दाबली असती तर कदाचित, असंही ते म्हणाले. पण तू दगडावर बसलास तेव्हा तो होता की नव्हता, हे ते सांगू शकले नाहीत आणि कुणीच सांगू शकणार नाही. मी माझ्यापुरतं ठरवलंय, की तो होता, तुला बूट झटकताना बघत होता आणि हसू दाबत होता. तुला वेगळं वाटत असेल तर ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हा आजार रक्तातून येतो. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं अचानक गेलंय का? तुमचे बाबा बसमधून उतरताना गेले आणि सगळ्यांनी ऊन लागलं म्हटलं, ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मुलांना तपासा, भावंडांना तपासा. चिमणीला नेलं. तिलाही आहे. गोळ्या चालू झाल्यात, धावणं बंद. शाळेत सगळ्यांत पुढे पळणारी पोर आता मैदानाच्या कडेला बसून बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळते. आणि तू तिकडे तपासल्यावाचून पोती उचलतोयस. स्वतःच्या जिवाचं तुला काही वाटेनासं झालं असेल, हे मला कळतं. मीही ते दिवस काढलेत. म्हणून तुझ्यासाठी तपासून घे असं म्हणतच नाही. दवाखान्यातून परत येताना चिमणी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती, आणि घर जवळ आल्यावर तिने एकच विचारलं, "आई, आता हे आपल्यात फक्त मलाच आहे का गं?" मी म्हटलं, ठाऊक नाही, तुझ्या काकाला विचारावं लागेल. ती म्हणाली, "मग विचार ना." ते विचारायला हे पत्र. तपासून घे, आणि जे काही निघेल ते मला लिहू नकोस. इथे ये आणि तिच्याजवळ बसून तिला सांग.

दार उघडं ठेवलेली,
तुझीच,
वहिनी